कृत्तिका अजून एकत्र, मग सूर्याची भावंडं कुठे गेली?

शंकासूर (धागाकर्ता)

तारे एकेकटे जन्मत नाहीत, मेघातून झुंडीने जन्मतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. कृत्तिका हे त्याचं ठरलेलं उदाहरण. वय १० ते १२ कोटी वर्षं, हजाराच्या वर तारे, सगळे एकाच दिशेने निघालेले. इथवर तक्रार नाही.

पण सूर्याचं काय? वय ४६० कोटी वर्षं. तोही घोळक्यात जन्मला असेल तर घोळका गेला कुठे? शेजारचा मित्र (अल्फा सेंटॉरी) काही भाऊ नव्हे, त्याच्यात जड मूलद्रव्यं सूर्यापेक्षा जास्त आहेत. आणि गुरुत्वाकर्षण जर फक्त ओढून घेतं, तर काळ जाईल तसा गुच्छ आवळत जायला हवा. तो सुटतो कसा? बरं, सुटतोच म्हणावं तर ओमेगा सेंटॉरीसारखे गोलाकार गुच्छ अकरा-बारा अब्ज वर्षं कसे टिकले?

माझं मत असं की खुले गुच्छ (कृत्तिकेसारखे विरळ) आणि गोलाकार गुच्छ (लाखो ताऱ्यांचे दाट गोळे) या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जन्मापासून वेगळ्या. पटत नसेल तर खोडून काढा. पण नुसत्या लिंका फेकू नका, समजावून सांगा.

रात्रपाळी

पहिल्या रांगेत जागा पकडली आहे. चालू द्या.

दुर्बीणवाली

जन्मापासून सुरुवात करते. रेण्वीय मेघ अतिशय थंड असतात, उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. आत खळबळ असते, त्यातून वायूचे लांबलांब तंतू तयार होतात, आणि तंतू जिथे एकमेकांना मिळतात तिथे वायू साचून कोसळायला लागतो. एकाच ठिकाणी शेकडो-हजारो तारे पेटतात. पण मेघातल्या सगळ्या वायूचे तारे होत नाहीत. गुच्छ घडतो त्या भागातसुद्धा साधारण १० ते ३० टक्केच वायू ताऱ्यांत जातो, उरलेला तसाच भोवती असतो.

हे आत्ता घडताना बघायचं असेल तर मृगातला तेजोमेघ आहेच. सुमारे १,३४० प्रकाशवर्षांवर. मधल्या चार ठळक ताऱ्यांच्या चौकोनाभोवती दोन-तीन हजार कोवळे तारे आहेत, बहुतेकांचं वय दहा ते तीस लाख वर्षं. त्या चौकोनातला सगळ्यात तेजस्वी तारा सूर्याच्या तीसपटीहून जड. त्याचे अतिनील किरण आणि वारे भोवतालचा वायू तापवून बाहेर ढकलताहेत. अतिनवतारा फुटायची वाटही बघावी लागत नाही, काही दशलक्ष वर्षांत मैदान साफ होतं.

आणि गोची इथेच आहे. गुच्छाला बांधून ठेवणारं बरंचसं वस्तुमान ताऱ्यांचं नव्हतंच, ते त्या वायूचं होतं.

अर्धवटराव

म्हणजे भाडेकरूंनी घरमालकाला हाकललं आणि मग कळलं की भिंती त्याच्याच होत्या.

गणिती_किडा

अर्धवटराव, अगदी तेच! आकड्यांत सांगायचं तर असं: तारे ज्या वेगाने फिरताहेत तो वेग मूळ वस्तुमानाच्या ओढीला साजेसा असतो. अर्ध्याहून जास्त वस्तुमान एकदम निघून गेलं तर तोच वेग सुटकेच्या वेगाहून मोठा ठरतो आणि गुच्छ उधळतो. वायू हळूहळू गेला तर गुच्छ फुगतो, सैल पडतो, पण काही भाग शिल्लक राहू शकतो.

२००३ साली लाडा आणि लाडा या खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या परिसरातल्या, मेघात गुरफटलेल्या कोवळ्या गुच्छांची मोजदाद मांडली. त्यांचा निष्कर्ष: कृत्तिकेच्या वयापर्यंत बांधलेल्या अवस्थेत पोचणारे गुच्छ ४ ते ७ टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे शंकासूर, प्रश्न उलटा विचारायला हवा. सूर्य एकटा का, यात नवल नाही. कृत्तिका अजून एकत्र का, हे खरं नवल.

शंकासूर

हे आवडलं. पण मग "बहुतेक तारे गुच्छात जन्मतात" या वाक्याला किती अर्थ उरतो? शंभरातले पंचाण्णव गुच्छ बाल्यावस्थेतच गेले तर ते गुच्छ होते असं तरी का म्हणायचं?

चष्मिश

मलाही नेमका इथेच आक्षेप आहे. "आधी घट्ट गुच्छ, मग वायू गेला, मग स्फोट झाल्यासारखं विखुरणं" हे चित्र फार सोपं करून सांगितलं जातं. वृश्चिक-सेंटॉरस भागातला तरुण ताऱ्यांचा विरळ समूह घ्या. चारेकशे प्रकाशवर्षांवर, आपली ज्येष्ठा त्यातलीच. असे समूह म्हणजे फुटलेले गुच्छ असते, तर गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या गती मागे नेल्यावर सगळे तारे एका बिंदूपाशी यायला हवे होते. तसं होत नाही. छोटे-छोटे उपगट दिसतात, प्रत्येकाचं वय थोडं वेगळं, प्रत्येकाची चाल वेगळी. म्हणजे बरेच तारे जन्मतःच विस्कळीत, तंतूंच्या कडेकडेने जन्मले. जिथे घनता सगळ्यात जास्त होती तिथेच बांधलेला गुच्छ उरला.

घट्ट गुच्छ आणि विखुरलेली वस्ती यांच्यात रेघ मारता येत नाही, मधे सलग उतार आहे.

दुर्बीणवाली

चष्मिश, सहमत, पण अर्धीच. उपगटांपैकी काही स्वतः पसरताना दिसताहेत, तेही गायाच्याच मोजमापांत. म्हणजे वायू जाऊन सैल पडणं हे खोटं नाही, फक्त ते छोट्या पातळीवर, ठिकठिकाणी घडतं.

रात्रपाळी

जरा अवांतर. कृत्तिका खरोखर एकत्र आहेत, नुसत्या एका रेषेत दिसत नाहीत, हे दुर्बिणीने ठरलं की गणिताने? गणिताने! १७६७ साली जॉन मिशेलने हिशेब केला की इतके ठळक तारे आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यात योगायोगाने जमायची शक्यता सुमारे पाच लाखांत एक. अंतरं मोजायची सोय नव्हती, गती मोजायची नव्हती, तरी पठ्ठ्या म्हणाला की हे एकमेकांचे आहेत. गॅलिलिओने १६१० मध्ये तिथे ३६ तारे चितारले होते, पण नातं सिद्ध केलं ते मिशेलने.

उल्कावर्षाव

आणि डोळ्यांना एकत्र वाटणारे परके निघाल्याचं उदाहरण सप्तर्षींतच आहे. सातांपैकी मधले पाच, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, हे खरोखर एका कुळातले. वय ४०-५० कोटी वर्षं, अंतर साधारण ८० प्रकाशवर्षं, चाल एकच. क्रतू आणि मरीची हे दोघे उपरे. १८६९ मध्ये प्रॉक्टरने हे ताऱ्यांच्या गतीवरून दाखवलं. एकेकाळच्या गुच्छाचा हा उरलेला गाभा मानला जातो, बाकीचे सदस्य आकाशभर पांगलेत. व्याधालाही पूर्वी त्याच कुळात धरायचे, पण तो वयाने फार लहान निघाला म्हणून नाव कापलं.

अर्धवटराव

सात ऋषींत दोन डमी. हे परंपरेला कळवायचं कुणी?

आकाशवेडी

रोहिणीचंही तेच की! रोहिणी शकटाचा तो V आकाराचा गुच्छ १५३ प्रकाशवर्षांवर, आणि खुद्द रोहिणी ६५ वर, वाटेत उभी राहून फोटोत घुसलेली.

हा गुच्छ मला फार आवडतो कारण त्याचं विघटन अक्षरशः दिसतं. वय ६०-६५ कोटी वर्षं. एकूण वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ४०० पट उरलंय. साधारण ३० प्रकाशवर्षांपलीकडे आकाशगंगेची ओढ गुच्छाच्या ओढीला भारी पडते, त्या हद्दीबाहेर जो गेला तो गेला. २०१९ मध्ये गायाच्या नोंदींतून दोन गटांनी त्याच्या पुढे-मागे पसरलेल्या शेपट्या शोधल्या. २०२१ च्या कामात त्या शेपट्यांची लांबी ८०० पारसेक, म्हणजे अडीच हजार प्रकाशवर्षांच्या वर भरली. गाभा आपण V म्हणून ओळखतो तेवढा, आणि बाहेर सांडलेले तारे एवढ्या लांबवर.

शंकासूर

शेपट्या कळल्या. पण माझा मूळ सवाल राहिलाच. वायू गेला, त्यातूनही एखादा गुच्छ तगला. आता तो बांधलेला आहे. मग त्यातून तारे बाहेर का पडतात? बांधलेला म्हणजे बांधलेला.

गणिती_किडा

हा सगळ्यात गोड भाग आहे, जरा निवांत लिहितो.

गुच्छातले तारे एकमेकांवर आदळत नाहीत, पण जवळून जाताना एकमेकांना हिसके देतात. प्रत्येक हिसक्यात ऊर्जेची देवघेव होते. जड तारा हलक्याला ऊर्जा देतो, स्वतः मंदावतो आणि केंद्राकडे उतरतो. हलके तारे वेग घेऊन बाहेरच्या कक्षांत जातात. जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून जाताना कशी मंदावते याचं गणित चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलं. हलक्यांपैकी एखाद्याला इतका वेग मिळतो की तो सुटूनच जातो. अंबार्त्सुमियनने १९३८ मध्ये आणि स्पिट्झरने १९४० मध्ये हे "बाष्पीभवन" मोजलं होतं, संगणक येण्याच्या कितीतरी आधी.

याला किती वेळ लागतो? ढोबळ सूत्र असं: ताऱ्यांची संख्या N असेल तर हिसक्यांनी ताऱ्यांच्या मूळ कक्षा विस्कटायला N भागिले (८ गुणिले N चा नैसर्गिक लॉगॅरिदम) एवढ्या फेऱ्या लागतात. एक फेरी म्हणजे ताऱ्याने गुच्छ एकदा ओलांडणं.

कृत्तिका: तारे १,०००. सूत्रातून आल्या साधारण १८ फेऱ्या. एका फेरीला ५० लाख वर्षं धरा. उत्तर ९ कोटी वर्षं, म्हणजे जवळपास कृत्तिकेचं वय. तिथले जड तारे मध्यावर जमलेत आणि हलके कडेला पसरलेत, ते निरीक्षणांतही दिसतं.

मोठा गोलाकार गुच्छ: तारे १० लाख. फेऱ्या सुमारे ९,०००. तिथला वेग जास्त, म्हणून फेरी ५ लाख वर्षांची. उत्तर ४५० कोटी वर्षं. आणि पार विरून जायला याच्या कितीतरी पट काळ लागतो.

बघा, नियम एकच आहे, फक्त N बदलला. शंकासूरच्या "मुळातच वेगळे" या मताला इथे पहिला तडा.

शंकासूर

तडा मान्य नाही, ओरखडा म्हणा. N हजारपट मोठा कशाने झाला ते कुठे सांगितलं?

पाचवी_मिती

गणिती, एक भर. खुल्या गुच्छांना नुसतं आतून गळणं पुरेसं नाही, बाहेरूनही मार बसतो. ते आकाशगंगेच्या तबकडीत फिरतात आणि वाटेत महाकाय रेण्वीय मेघ भेटतात. स्पिट्झरनेच १९५८ मध्ये दाखवलं होतं की असा मेघ जवळून गेला की विरळ गुच्छ सैल होतो. गोलाकार गुच्छ बहुतेक काळ तबकडीबाहेर असतात, त्यांना हा त्रास कमी. स्वरमंडलातला एनजीसी ६७९१ हा खुला गुच्छ असूनही सुमारे ८ अब्ज वर्षं टिकलाय, कारण मुळात तो भरपूर जड आहे आणि त्याची कक्षा तबकडीच्या मधल्या पातळीपासून बरीच लांब जाते.

कृत्तिकेला अजून २५ कोटी वर्षं मिळतील असा अंदाज वाचला आहे.

चष्मिश

आता शंकासूरच्या "गुच्छ आवळत जायला हवा" या मुद्द्याकडे. तो अर्धा बरोबर आहे! गाभा आवळतोच. तारे गुरुत्वाने बांधलेले असले की त्यांचा जमाव विचित्र वागतो: ऊर्जा काढून घेतली की तो थंड होत नाही, तापतो. ऊर्जा गमावलेला तारा आतल्या कक्षेत पडतो आणि तिथे जास्त वेगाने फिरतो. म्हणजे गाभा बाहेरच्यांना ऊर्जा देतो, आकसतो, आणखी तापतो, आणखी देतो. आंतोनोव्हने १९६२ मध्ये याचा पाया घातला, लिंडन-बेल आणि वुड यांनी १९६८ मध्ये हे नीट उलगडलं. कागदावर गाभ्याची घनता अनंताकडे जाते.

प्रत्यक्षात एम १५ आणि एनजीसी ६३९७ हे गाभा कोसळलेले गुच्छ म्हणून प्रसिद्ध आहेत. आकाशगंगेतल्या गोलाकार गुच्छांपैकी साधारण पाचवा हिस्सा असा दिसतो.

उल्कावर्षाव

अनंताला काय थांबवतं मग?

चष्मिश

जोडतारे. घट्ट जोडीजवळून तिसरा तारा गेला की जोडी आणखी घट्ट होते आणि सुटलेली ऊर्जा तिसऱ्याला वेग म्हणून मिळते. सैल जोडी असेल तर उलट, ती तुटते. हेगीचा १९७५ चा नियम. मूठभर घट्ट जोड्या अख्ख्या गाभ्याला तापवून कोसळणं थोपवू शकतात.

आकाशवेडी

आणि या गर्दीचं फळ म्हणजे ते चुकार निळे तारे! सँडेजला १९५३ मध्ये एम ३ मध्ये सापडले. गुच्छातले सगळे तारे एकाच वयाचे, म्हणून जड निळे तारे कधीच संपलेले असायला हवेत. तरी काही निळे दिसतात. दोन ताऱ्यांची टक्कर होऊन, किंवा जोडीतल्या एकाने दुसऱ्याचं वस्तुमान ओढून घेऊन, म्हातारा तारा पुन्हा तरुण दिसायला लागतो.

अर्धवटराव

पत्ता द्या हो त्या गुच्छाचा. घरी एक-दोघांना हवा आहे.

दुर्बीणवाली

आकाशवेडीच्या प्रतिसादात एक महत्त्वाची गोष्ट ओघात आली. "सगळे एकाच वयाचे" या एका गुणामुळे गुच्छ हे खगोलशास्त्राचं घड्याळ झालं. ताऱ्यांचं तेज आणि रंग मांडा, मुख्य क्रम (हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा पट्टा) कुठे वळतो ते बघा, वय मिळतं. कृत्तिकेत तापलेले निळे तारे अजून शाबूत. रोहिणी शकटात ते गेले, चार नारिंगी राक्षसी तारे आलेत. कर्क राशीतल्या एम ६७ मध्ये वळण सूर्याहून थोड्याच जड ताऱ्यांपर्यंत खाली आलंय, वय ४ अब्ज वर्षांच्या आसपास.

या घड्याळाने एकदा भलतीच वेळ दाखवली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोलाकार गुच्छांची वयं १४-१८ अब्ज वर्षं निघत होती आणि विश्वाचं वय काही मोजणीनुसार त्याहून कमी! १९९७ मध्ये हिपार्कोस या उपग्रहाने मोजलेली अंतरं आली, गुच्छ वाटले होते त्याहून लांब, म्हणजे तारे जास्त तेजस्वी, म्हणजे वयाने लहान ठरले. पुढच्याच वर्षी विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे कळलं, विश्वाचं वय वाढलं. आता १३.८ अब्ज वर्षांत सगळे मावतात.

गंमत म्हणजे त्याच हिपार्कोसने कृत्तिका सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर आणून ठेवली आणि वीस वर्षं भांडण लावलं. ताऱ्यांची गणिती प्रारूपं ४३०-४४० म्हणत होती. २०१४ च्या रेडिओ मोजणीने आणि मग गायाने ४४० च्या बाजूने निकाल दिला.

रात्रपाळी

कृत्तिकेच्या फोटोत ती निळी धुकट झाक दिसते ना, तो तिच्या जन्माचा उरलेला वायू का?

दुर्बीणवाली

नाही. तो वेगळाच धुळीचा मेघ, गुच्छ त्यातून सध्या चाललाय. दोघांचे वेग जुळत नाहीत. जन्मवायू केव्हाच गेला.

पाचवी_मिती

शंकासूरचा N चा प्रश्न कुणीच घेतला नाही, मी घेतो. हजारपट मोठा गुच्छ जन्माला यायला हजारपट वायू, तोही प्रचंड दाबाखाली, थोड्या जागेत लागतो. आजच्या आकाशगंगेच्या शांत तबकडीत असं क्वचितच होतं. तरुण विश्वात वायू मुबलक होता, दीर्घिका एकमेकींवर आदळत होत्या, तिथे ते सहज घडत होतं. पण आजही जिथे तशी परिस्थिती आहे तिथे तसे गुच्छ होतात. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला आर १३६ हा गुच्छ घ्या: वय वीस लाख वर्षांहूनही कमी, वस्तुमान सूर्याच्या ५० हजारपट किंवा अधिक. धडकणाऱ्या अँटेना दीर्घिकांत तर दहा लाख सूर्यांच्या तोडीचे कोवळे गुच्छ हबलने पाहिले. आणि २०२४ मध्ये जेम्स वेबच्या प्रतिमांत महास्फोटानंतर अवघ्या ४६ कोटी वर्षांनीचे घट्ट गुच्छ सापडले.

त्यामुळे माझ्या मते प्रकार एकच, फक्त वजनाची पट्टी लांबलचक. जड टोकाचे टिकले म्हणून म्हातारे दिसतात, हलके विरून गेले म्हणून आज दिसणारे हलके गुच्छ तरुण आहेत.

शंकासूर

बरं, माझ्याकडचा पत्ता आता टाकतो. गोलाकार गुच्छांत सोडियम वाढलं की ऑक्सिजन कमी, अशी उलटी जोडी जवळजवळ सगळीकडे दिसते. एनजीसी २८०८ मध्ये २००७ साली तीन वेगवेगळे मुख्य क्रम सापडले. म्हणजे एकाच गुच्छात वेगवेगळ्या रसायनाच्या पिढ्या! खुल्या गुच्छांत हे आढळत नाही, जुन्या-जड एनजीसी ६७९१ सारख्यातही ठोस मिळालेलं नाही. एकच प्रकार असेल तर हे का?

चष्मिश

मुद्दा जोरकस आहे आणि यावर सर्वमान्य उत्तर अजून नाही. पण एक निरीक्षण तुमच्या विरुद्ध जातं. मॅगेलन मेघांतल्या, साधारण २ अब्ज वर्षं वयाच्या जड गुच्छांतही या रासायनिक खुणा सापडल्यात. ते काही तरुण विश्वात जन्मलेले नव्हेत. म्हणजे कारण "प्राचीन काळ" नसून वस्तुमान असावं, आणि कदाचित वयाशीही त्याचा संबंध असावा, कारण त्याहून तरुण जड गुच्छांत खुणा अंधुक होतात.

ओमेगा सेंटॉरीला मात्र या वादातून वगळा. तो बहुधा गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचा गाभा आहे.

उल्कावर्षाव

ओमेगा निघालाच आहे तर: २०२४ मध्ये त्याच्या केंद्राजवळ सात फार वेगवान तारे सापडले आणि किमान ८,२०० सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असल्याचा दावा झाला. काहींच्या मते छोट्या कृष्णविवरांचा जमावही हे करू शकतो. माझी पसंती जमावाला, कारण जड वस्तू केंद्रात उतरतात हे वर गणितीने सांगितलंच आहे.

गणिती_किडा

जमाव म्हटलं की पालोमार ५ आठवतो. २००१ मध्ये त्याच्या शेपट्या सापडल्या, गोलाकार गुच्छ विरत असल्याचं ठसठशीत उदाहरण. २०२१ च्या गणनांनुसार त्यात शंभरावर कृष्णविवरं असावीत, वस्तुमानाचा पाचवा भाग! ती मध्यावर जमून हलक्या ताऱ्यांना हिसके देत बाहेर काढताहेत. साधारण अब्ज वर्षांनी तारे संपतील आणि शेवटी उरतील ती फक्त कृष्णविवरं, असा अंदाज आहे. आणि २०२४ मध्ये जाहीर झालेलं गायाचं ३३ सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर अशाच एका विरून गेलेल्या गुच्छाच्या प्रवाहात सापडलं.

या गणनांचा प्रवास पण बघा. १९६० मध्ये फॉन होर्नरने पहिल्यांदा संगणकावर गुच्छ चालवला तेव्हा त्यात जास्तीत जास्त १६ तारे होते. दहा लाखांचा गुच्छ ताऱ्यागणिक हिशेब करून चालवायला २०१६ उजाडलं.

अर्धवटराव

अवांतर: १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम १३ या गोलाकार गुच्छाला संदेश पाठवला होता ना? पोचायला २०-२५ हजार वर्षं. तोवर गुच्छ आपल्या वाटेने पुढे सरकलेला असणार. म्हणजे उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नये, पत्ताच बदललाय.

शंकासूर

हाहा. बरं, आता गाडी सूर्याकडे वळवा, नाहीतर धाग्याचं नाव बदलावं लागेल. सूर्य गुच्छात जन्मला याला पुरावा काय?

दुर्बीणवाली

अप्रत्यक्ष आहे, पण चांगला. उल्कापाषाणांत किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या खुणा मिळतात. त्याचं अर्धआयुष्य जेमतेम सात लाख वर्षं, म्हणजे सूर्यमाला घडताना ते ताजंताजं आलेलं होतं, बहुधा जवळच्या जड ताऱ्याकडून. जड तारे सहसा मोठ्या जमावातच असतात. दुसरं म्हणजे सेडना, नेपच्यूनपलीकडची छोटी वस्तू. ती सूर्याच्या ७६ खगोलीय एककांपेक्षा (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ७६ पटींपेक्षा) जवळ येतच नाही. नेपच्यूनने तिला तिथे नेलं असं होत नाही, एखादा शेजारचा तारा जवळून गेल्याने असं होऊ शकतं. उलट बाजूने, ग्रहांच्या कक्षा बऱ्यापैकी नीटस राहिल्या, म्हणजे जमाव फार दाट किंवा फार टिकाऊ नसावा.

एम ६७ वर बराच संशय होता. वय जवळपास जुळतं, रसायनही. पण तो तबकडीच्या मध्यापासून हजार प्रकाशवर्षांहून जास्त वर आहे, आणि सूर्य मध्यापासून दोन-तीनशे प्रकाशवर्षांपलीकडे जातच नाही. तिथून निघून इतकी सपाट कक्षा मिळणं गणितात बसत नाही. नाव जवळपास खोडलं गेलंय.

गणिती_किडा

आणि बाकीचे कुठे गेले याचं उत्तर भागाकारात आहे. दोन भावांच्या वेगात सेकंदाला १ किलोमीटरचा फरक असेल तर दहा लाख वर्षांत सव्वातीन प्रकाशवर्षांचं अंतर पडतं. दहा कोटी वर्षांत सव्वातीनशे. सूर्याने ४६० कोटी वर्षांत आकाशगंगेला वीसेक फेऱ्या मारल्यात. वाटेत मेघांचे आणि सर्पिल भुजांचे धक्के. भावंडं अख्ख्या तबकडीत मिसळून गेलीत, कक्षा मागे नेऊन शोधायची सोय उरली नाही.

पाचवी_मिती

म्हणून आता रसायनावर भिस्त. गलाहसारख्या सर्वेक्षणात लाखो ताऱ्यांची मूलद्रव्यं मोजून "एकाच मेघातले" शोधतात.

चष्मिश

पण फार आशा ठेवू नका. एकमेकांशी काही संबंध नसलेले तारेही रसायनाने जुळे निघतात. आकाशगंगेत मेघ पुष्कळ आणि कृती एकच.

रात्रपाळी

एखादा तरी सापडलाय का? बघता येईल असा?

दुर्बीणवाली

संभाव्य म्हणून एचडी १६२८२६. २०१४ मध्ये पुढे आला, ११० प्रकाशवर्षांवर, सूर्यापेक्षा सुमारे १५ टक्के जड. अभिजितपासून फार लांब नाही. नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेच्या जरा पलीकडे, साध्या द्विनेत्रीतून दिसतो. नकाशा मात्र जवळ ठेवा, तिथे तेवढ्याच तेजाचे बरेच ठिपके आहेत.

शंकासूर

बघतो. आणि सोडियम-ऑक्सिजनचं कोडं सुटेपर्यंत माझा मूळ मुद्दा उभा आहे, नोंद घ्यावी. पाचवी_मिती, मॅगेलन मेघांतल्या त्या दोन अब्ज वर्षांच्या गुच्छांवर वेगळा धागा काढताय का? इथे खाली-खाली जाऊन सापडेनासं झालंय.